आकडा मला वाचायला देणाऱ्या मिस्त्रींना जाहीर आभारपत्र

मिस्त्री,

सप्रेम नमस्कार.

तुम्हाला असं पत्र लिहिलेलं आवडणार नाही, हे मला माहीत आहे. काम झालं, इंजिन चाललं, विषय संपला, असा तुमचा हिशोब. निघताना मी काही बोलायला लागले तर तुम्ही हात पुसत "लॉकनट एकदा परत तपासून घ्यावे लागतील" एवढंच म्हणालात आणि पायऱ्या चढून गेलातसुद्धा. तोंडावर बोलता आलं नाही ते आता सगळ्यांसमोर लिहितेय. नाव घालत नाही, ते तुम्हाला मुळीच खपणार नाही. ज्यांनी तुमच्याकडून काम करून घेतलंय ते बरोबर ओळखतील.

दुखणं वरवर किरकोळ होतं. माझ्या बोटीचं जुनं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन. टर्बो नाही, इलेक्ट्रॉनिक काही नाही, कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये आणि वर पुशरॉड, रॉकर. म्हणजे कॅमशाफ्टवरचे कॅम (एका बाजूला उंचवटा असलेल्या चकत्या) फिरता फिरता टॅपेट उचलतात, टॅपेट पुशरॉडची लांब काडी वर ढकलतो आणि वरची रॉकर नावाची तरफ व्हॉल्व्ह उघडते. दर सिलिंडरला असे दोन व्हॉल्व्ह, हवा आत घेणारा इनटेक आणि धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट. आयडलला, म्हणजे लोड नसताना मंद चालताना, जरा अडखळायचं, टिकटिक करायचं आणि लोड दिला की काळा धूर सोडत दम टाकायचं. बोट धक्क्याला बांधलेली असताना बघणाऱ्याला वाटावं, यात काय एवढं? पण ओहोटीचं पाणी जोरात बाहेर पडत असतं, आपल्याला त्याच्या उलट आत यायचं असतं, एका अंगाला खडक दिसत असतात आणि लीव्हर पुढे ढकलला तरी फेरे वाढत नाहीत, तेव्हा "काही विशेष नाही" म्हणणाऱ्या प्रत्येकाची आठवण येते. गाडी असती तर कडेला घेतली असती.

तुमच्या आधी जे येऊन गेले त्यांच्याबद्दल तुम्ही माझ्याकडून एक वाईट शब्द ऐकून घेतला नाहीत. "त्यांनी जे तपासलं ते नीटच तपासलं. हे तपासायचं राहिलं," असं म्हणालात. तुमचं मन मोठं आहे. माझं तेवढं नाही, त्यामुळे थोडं बोलणारच.

पहिल्यांनी डिझेल फवारणाऱ्या एकेका नोझलच्या पाइपचा नट ढिला करून बघितला. एक नंबर, दोन नंबर, चार नंबर सोडला की इंजिनाचा सूर पडायचा. तीन नंबर सोडला तर फारसा फरक नाही. म्हणजे तिसरा सिलिंडर काम करत नाही. इथपर्यंत सगळं बरोबर. तिथून पुढची उडी मात्र थेट "नोझल गेलंय" अशी. नोझल बदललं, तीन नंबर तसाच. मग नोझलना डिझेल पुरवणाऱ्या पंपावर संशय. पंप खोलून, कॅलिब्रेट करून परत बसला, तीन नंबर तसाच. यावर "आता पंप तर चांगला झाला ना," असं मला ऐकवलं गेलं. पंप चांगलाच होता हो, आधीपासून.

दुसऱ्यांनी लांब स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावून टिकटिक ऐकली आणि टॅपेट सेट केले, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यामधली गॅप ठरल्या मापावर आणली. काही दिवस आवाज बंद, मग परत सुरू. परत सेट केले, परत तेच. दर वेळी तोच एक टॅपेट ढिला सापडायचा आणि दर वेळी तोच एक घट्ट केला जायचा. मी विचारलं, हाच का सारखा ढिला होतो? तर उत्तर आलं की वाजणारा टॅपेट बरा, गप्प बसणारा टॅपेट व्हॉल्व्ह जाळतो. आता हे खोटं नाही. गॅप जास्त असेल तर नुसता आवाज येतो. गॅप उरलीच नाही तर व्हॉल्व्ह सीटवर पुरता बसत नाही, त्याला उष्णता सोडायला जागा मिळत नाही आणि तो जळतो. पण मी विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं. आणि जे उत्तर मिळालं तेही माझ्याकडे बघून दिलेलं नव्हतं. बोट माझी, इंजिन माझं, पैसे मी देणार, पण मी काहीही विचारलं की उत्तर माझ्या शेजारी उभ्या असलेल्या खलाशाला मिळायचं. तो बिचारा मान डोलवायचा. त्याला इंजिनातलं ओ की ठो कळत नाही.

तिसऱ्यांनी हेड, म्हणजे व्हॉल्व्ह असलेला इंजिनाचा वरचा भाग, उतरवलं. व्हॉल्व्ह ग्राइंड केले, सीट कापल्या, नवीन गॅस्केट घातलं. कम्प्रेशन (आत हवा किती दाबली जाते ते) घेतलं, चारही सिलिंडर जवळपास सारखे. ते तर हेड उतरवायच्या आधीही सारखेच होते. तिसऱ्या सिलिंडरच्या इनटेकच्या वाटेत काजळीचा थर होता, मी समोर होते, मी बघितला. बाकीच्या तिघांत नव्हता. त्यांनी तो घासून चकाचक केला. तो आला कुठून, हा प्रश्न डिझेलच्या चिंधीबरोबर कचऱ्यात गेला. इंजिन सुरू झालं, अडखळलं, आणि मग ते वाक्य आलं जे जुनं इंजिन बाळगणारा प्रत्येक जण कधी ना कधी ऐकतो: "म्हाताऱ्या माणसासारखं आहे हो, काही ना काही चालूच राहणार. नवीन टाका."

नवीन टाकणं हा इलाज आहे, निदान नाही. एवढं त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

मग तुम्ही आलात. तुम्ही पहिले बराच वेळ हत्यार उघडलंच नाहीत. इंजिन सुरू करायला लावलंत आणि एअर फिल्टर काढून इनटेकच्या तोंडाशी तळहात धरलात. मग तो हात माझ्यापुढे केलात. त्यावर बारीक काळे ठिपके होते. जिथून इंजिनाने हवा आत ओढायची तिथून ते मध्येच बाहेर फुंकत होतं. तुम्ही एवढंच म्हणालात, "जळालेला धूर मागच्या दाराने जात नाहीये सगळा." मी म्हटलं, म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बसत नसेल? तुम्ही म्हणालात, "बसतोय. कम्प्रेशन आहे की. उघडतोय का, ते बघू."

खरं सांगते, तेवढ्या वाक्याने माझ्या डोक्यातली गाठ सुटली. सगळ्यांनी व्हॉल्व्ह बंद होतो का हेच तपासलं होतं. कम्प्रेशन काय, सीट काय, ग्राइंडिंग काय, सगळा खटाटोप बंद होण्याचा. व्हॉल्व्ह पुरेसा उघडतो का, हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

मग रॉकर कव्हर निघालं. तुम्ही टॉर्च लावून नुसतं बघत बसलात आणि थोड्या वेळाने मला बोलावलंत. आठ रॉकर, गॅप कमी-जास्त करणारे आठ ॲडजस्टिंग स्क्रू. सातांचे आटे, स्क्रू जागेवर धरून ठेवणाऱ्या लॉकनटच्या वर, साधारण सारखे दिसत होते. एकाचा स्क्रू मात्र बराच आत गेलेला, वर जेमतेम एक-दोन आटे उरलेले. तीन नंबरचा एक्झॉस्ट. म्हणजे प्रत्येक वेळी गॅप वाढत गेली आणि प्रत्येकाने ती स्क्रू पिळून भरून काढली. खाली काहीतरी झिजत होतं आणि वरून ते झाकलं जात होतं. उघड्या डोळ्यांना दिसणारी गोष्ट होती ही, कुठलंही उपकरण न लावता.

आणि आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायला घेतलं ती.

तुम्ही बारीक हालचाल मोजणारा डायल गेज चुंबकाच्या स्टँडवर बसवलात, त्याचं टोक पहिल्या पुशरॉडच्या डोक्यावर टेकवलंत आणि पुढे जाऊन क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून आडवे झालात. तिथून तुम्हाला गेज दिसणं शक्य नव्हतं. तुमच्या हाताखालचा मुलगा वर बसला होता, त्याला हाक मारता आली असती. खलाशीही होताच. तुम्ही म्हणालात, "ताई, आकडा तुम्ही वाचा."

मी म्हटलं, मला कळेल का? तुम्ही सांगितलंत, मोठा काटा पूर्ण एकदा फिरला की १ मिलिमीटर, छोटा काटा फेऱ्या मोजतो, बाकी मधल्या रेघा. झालं. मग मी विचारलं, किती यायला हवा? तेव्हा तुम्ही खालून म्हणालात, "ते सांगणार नाही. सांगितलं की डोळे तेवढंच बघतात. तुम्हाला दिसेल ते बोला."

तुम्ही हळूहळू इंजिन हाताने फिरवत होतात आणि काटा चढत होता. कुठे थांबतो आणि कुठून परतायला लागतो ते बघायचं होतं. ६.८. तुम्ही खडूने तिथेच लोखंडावर लिहिलंत. दुसरा, ६.९. तिसरा, परत ६.८. तुमच्या तोंडून हूं नाही, चूं नाही. पाचव्या पुशरॉडला गेज हलवला, तोही तसाच. मग सहावा आला. काटा चढला आणि मध्येच दमला. ४.१. मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय, मी गेजला हात लावायला गेले. तुम्ही म्हणालात, "हात नको. परत फिरवतो, परत वाचा." परत ४.१. तुम्ही खडूने ४.१ लिहिलंत. आवाजात काडीचाही फरक नाही.

आणि तिथे थांबला नाहीत! दुसरा कुणीही असता तर "सापडलं" म्हणून उठून बसला असता. तुम्ही सातवा घेतलात, आठवा घेतलात, दोन्ही आकडे माझ्याकडून वदवून घेतलेत, लिहिलेत आणि मगच पाना खाली ठेवलात. "आता तुम्हीच सांगा, कुठे आहे," असं म्हणालात.

मी सांगितलं. माझ्या इंजिनाचा रोग मी माझ्या तोंडाने सांगितला. तो आकडा तुम्ही माझ्यावर लादलेला नव्हता, मी तो काचेमागे बघितला होता, आणि काय दिसायला हवं हे ठाऊक नसताना बघितला होता. त्यानंतर तुम्ही जे काही समजावलंत त्यावर विश्वास ठेवायचा की नाही हा प्रश्नच उरला नाही. कॅमच्या गोल पाठीवर टॅपेट असताना गॅप मोजतात आणि झीज झाली होती नाकावर, म्हणजे उंचवट्याच्या टोकावर. त्यामुळे स्क्रू पिळून गॅप भरली की ती मोजायची पट्टी, फीलर गेज, कितीही वेळा घातला तरी तो "सगळं ठीक" असंच सांगणार. नाकाची उंची गेली तेवढं पुशरॉडचं वर येणं गेलं, आणि रॉकरच्या लांब हाताने ती तूट व्हॉल्व्हपाशी आणखी मोठी झाली. दार किलकिलं उघडत होतं. जळालेला वायू अर्धा आतच अडकत होता आणि इनटेक उघडला की तिकडे घुसत होता. म्हणून काजळी, म्हणून काळा धूर. ताजी हवा शिरायला जागाच नाही, तर नोझल बदलून डिझेल जळणार कसं?

तुम्ही आणखी एक दाखवलंत ते मी आता ज्याला त्याला सांगत सुटलेय. अशा सपाट बुडाच्या टॅपेटचं बूड खरं तर पूर्ण सपाट नसतं, किंचित फुगीर असतं, आणि कॅमचं नाकही किंचित उतरतं घासलेलं असतं. त्यामुळे इंजिन चालताना टॅपेट वर-खाली होता होता स्वतःभोवती फिरत राहतो आणि झीज एका जागी होत नाही. त्याच्याबरोबर पुशरॉडही फिरतो. तुम्ही कव्हर काढलेलं असताना इंजिन मिनिटभर आयडलला चालवलंत. सात पुशरॉड आपापल्या लयीत संथ गिरक्या घेत होते. तीन नंबरच्या एक्झॉस्टचा खुंटासारखा उभा, नुसता वर-खाली. एकदा हे बघितलं की माणूस विसरत नाही. इतकी वर्षं ते कव्हर माझ्या डोळ्यांसमोर उघडझाप होत होतं आणि कुणी म्हटलं नाही की बाई, जरा इकडे बघा.

पुढचं काम मोठं होतं, पण त्याबद्दल फार लिहीत नाही. कॅमशाफ्ट पुढून ओढून काढायला बोटीत जागा नव्हती, इंजिन माउंटिंगवरून उचलून सरकवावं लागलं, अंगं मोडली सगळ्यांची. निघालेल्या टॅपेटचं बूड बघितलं, बशीसारखं खोल झालेलं, गॅप सारखी वाढायची ती त्यामुळे. कॅमबरोबर आठही टॅपेट नवीन, कारण जुना टॅपेट नव्या कॅमला खातो, यावर तुम्ही अडून बसलात. जुने पुशरॉड पुठ्ठ्याला भोकं पाडून नंबराने उभे करून ठेवलेत, मागच्या वेळी ते एका डब्यात कोंबलेले होते. ऑइल चेंबर उतरवून आतला गाळ धुतलात. पहिल्यांदा सुरू केल्यावर २० मिनिटं आयडलवर येऊ द्यायचं नाही, फेरे चढेच ठेवायचे, म्हणजे खालचं ऑइल उडून नव्या कॅमवर पोचत राहतं, असं बजावलंत आणि स्वतः लीव्हरपाशी उभे राहिलात.

कशाने झालं असेल, असं मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, बोट कधी बराच काळ बंद पडून होती का? होती. ऑइल नाकावरून निथळून जातं, खारट दमट हवा आत असते, गंजाचे ठिपके पडतात आणि मग पहिल्याच दिवसापासून ते ठिपके टॅपेटला कानशीसारखे घासतात. वरचा कडक थर गेला की आतलं मऊ लोखंड भराभर जातं. शिवाय बोटीची इंजिनं तासन्‌तास आयडलला चालतात, तेव्हा कॅमला उडणारं ऑइल कमी मिळतं. हे सगळं सांगून पुढे म्हणालात, "पण हेच झालं असं छातीठोक नाही सांगता येणार. जे झिजलं ते साक्ष द्यायला उरलेलं नाही."

मिस्त्री, छातीठोक सांगणारे मी खूप बघितले. एक जण नोझल म्हणून छाती ठोकून गेला, एक जण वय म्हणून. चांगलं काम येणारी माणसं मिळतात हो, शोधली की मिळतात. पण आपल्याला काय माहीत आहे आणि काय नाही यांतली रेघ समोरच्याला दाखवणारा माणूस विरळा. डॉक्टर असो, वकील असो, गळकं छप्पर दुरुस्त करणारा असो. बहुतेकांना भीती वाटते की "बघावं लागेल" म्हटलं तर गिऱ्हाईक हातचं जाईल. मला उलट वाटतं. तुम्ही पहिल्या दिवशी जाताना "मला अजून कळलेलं नाही, उद्या गेज घेऊन येतो" म्हणालात, तेव्हाच मी ठरवलं की आता दुसऱ्या कुणाला बोलवायचं नाही.

आणि आकडा मला वाचायला दिलात याचं मोल तुम्हाला कदाचित कळणारही नाही. तुमच्या दृष्टीने ती सोय होती, तुम्ही खाली होतात, मी वर होते. असू दे. माझ्या इंजिनाच्या खोलीत येऊन माझ्याशी बोलणारे तुम्ही पहिले. तुम्ही गेल्यावर खलाशी मला विचारत होता, ताई, ते चार पॉइंट एकचं काय झालं होतं? मी त्याला पुली, कॅम, नाक, पाठ सगळं काढून दाखवलं. आताही तो मान डोलवत होता, पण या वेळी कळून.

बोट आता लोड घेते. धूर बघायला मागे वळावं लागत नाही. ओहोटीच्या तोंडावर आत आले परवा, लीव्हर पुढे केला आणि फेरे निमूट वाढले. टिकटिक आहे थोडी, आठही टॅपेटची मिळून सारखी, आणि ती तशीच असायला हवी हे आता मला माहीत आहे.

एक काम राहिलंय. नव्या कॅमवरचं पहिलं ऑइल बदलायची वेळ आली की फिल्टर कापून त्याच्या कागदाच्या घड्या उलगडून बघायच्या, चमचम दिसते का, चुंबकाला काही चिकटतं का, असं तुम्ही सांगितलं होतं. करवत आणि चुंबक आणून ठेवलंय. तुम्हाला यायला जमलं तर या. नाही जमलं तर मी कापते आणि जे दिसेल ते तसंच्या तसं कळवते. किती कण चालतात ते मात्र मला आधी सांगू नका.

कळावे. लोभ आहेच, तो वाढावा.

आपली,
चार सिलिंडरवाल्या जुन्या बोटीची मालकीण